प्रेमाच्या सीनला बॅकग्राउंड नेमकं कुठे सुरू करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : "आम्ही मित्रांनी मिळून एक छोटी मराठी वेब मालिका केली आहे. तिसऱ्या भागात नायक नायिकेपाशी मन मोकळं करतो. त्याखाली आम्ही छान, भावपूर्ण व्हायोलिन टाकलं. लोकांना दाखवलं तर लोक हसले. अभिनय चांगला झालाय असं सगळेच म्हणतात. टीव्हीवरच्या मालिकांत तर अशाच संगीतावर लोक रडतात. मग आमचं काय चुकलं? पार्श्वसंगीत भावना पोचवतं म्हणजे नक्की काय करतं?"

व्हायोलिनचा दोष नसावा. माझा अंदाज, ते लवकर आलं. नायकाने तोंड उघडायच्या आधीच व्हायोलिनने सांगून टाकलं की आता हा प्रेमाचं बोलणार. त्यानंतर तो जे बोलला ते प्रेक्षकाला आधीच कळलेलं होतं. कळलेली गोष्ट कुणी फार गंभीर चेहऱ्याने पुन्हा सांगायला लागलं की हसू येतंच.

मी बरीच वर्षं मराठी दैनंदिन मालिकांचं बॅकग्राउंड, म्हणजे पार्श्वसंगीत, करतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो. या कामाबद्दल विचारणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, रोमँटिक सीनला राग कुठला, वाद्य कुठलं? माझ्या लेखी हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, सीन कुणाचा? आणि दुसरा, संगीत कुठल्या क्षणाला आत येणार? या दोन्हींची उत्तरं बरोबर असतील तर साध्या गिटारच्या चार सुरांवरही सीन उभा राहतो. ती चुकली तर पन्नास वादकांचा ताफा बसवूनही उपयोग नाही.

एक सीन कल्पून बघू. ठरवून झालेलं लग्न आहे, दोघं अजून एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. सासूबाई आजारी म्हणून ती रात्रभर जागी राहिली आहे. पहाटे तो स्वयंपाकघरात येतो, चहा करतो, कप तिच्यासमोर ठेवतो. ती एक घोट घेते आणि थबकते. तो म्हणतो, "बिनसाखरेचाच घेता ना तुम्ही?" ती मान हलवते. बस, एवढाच सीन. त्याने हे कधीतरी पाहून ठेवलं होतं, हे तिला आत्ता कळतंय.

इथे संगीत सुरू करायला चार जागा आहेत. तो गॅस पेटवतो तिथे सुरू केलं, तर त्याचं चहा करणं हीच प्रेमाची कृती झाली. प्रेक्षक आता त्याच्या मनात बसलाय आणि ती कधी ओळखते याची वाट पाहतोय. हेही वाईट नाही, पण मग सीन त्याचा. ती घोट घेऊन थबकते तिथे सुरू केलं, तर तिच्या आत काहीतरी हललं हे कळतं, पण काय हललं ते कळायच्या आत सुरांनी त्याला 'प्रेम' अशी चिठ्ठी लावून टाकली. त्याच्या वाक्याखाली सुरू केलं तर सर्वांत वाईट. साधं घरगुती वाक्य एकदम डायलॉग होतं आणि तो माणूस आपल्या चांगुलपणाची जाहिरात करतोय असं वाटायला लागतं. मी चौथी जागा घेईन. त्याचं वाक्य संपू दे, तिच्या चेहऱ्यावर कट येऊ दे, तिथेही दीड-दोन सेकंद फक्त पंख्याची घरघर राहू दे, आणि तिची नजर कपावरून वर उठायला लागली की पहिला सूर. आता सीन तिचा झाला. प्रेक्षकाला जे वाटायचं ते त्या दोन सेकंदांत त्याचं त्यालाच वाटलं. संगीत मागून आलं आणि त्याच्या वाटण्याला दुजोरा दिला.

भावना पोचवणं म्हणतात ते माझ्या मते इतकंच आहे. प्रेक्षकाने आत कुठेतरी उचललेल्या भावनेला सूर आधार देतात. त्याने ती उचललेलीच नसेल तर सूर कितीही गोड असोत, ते वरून ओतल्यासारखे लागतात.

'सीन कुणाचा' याला मी एवढं का धरून बसतो त्याला प्रयोगाचाही पुरावा आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चलतचित्रफीत केली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरतात, इतकंच. पाहणारे मात्र त्यात गुंड, प्रेमी जोडपं, पाठलाग असं सगळं बघतात. १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि अ‍ॅनाबेल कोहेन यांनी याच फितीखाली वेगवेगळं संगीत लावून पाहिलं. संगीत बदललं की त्याच आकृत्यांच्या स्वभावाबद्दल लोकांचं मत बदलत होतं. त्रिकोणाचं असं होत असेल तर डोळे, ओठ आणि टिकली असलेल्या चेहऱ्याचं काय होत असेल! संगीत फक्त वातावरण करत नाही. या माणसाच्या मनात काय आहे, याबद्दलचा आपला अंदाज ते ठरवतं. म्हणून ते कुणाच्या क्लोजअपवर सुरू होतं याला इतकं वजन.

आता टीव्हीवर हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण "टीव्हीवर तर चालतं" या तुमच्या वाक्यात थोडी गफलत आहे. दैनंदिन मालिकेत रोजच्या एपिसोडसाठी नवं संगीत कुणी रचत नाही. तेवढा वेळच नसतो. मालिका सुरू होण्याआधी संगीतकार तयार तुकड्यांची एक बँक करून देतो. शीर्षकगीताची चाल बासरीवर, सारंगीवर, पियानोवर, नुसत्या गुणगुणण्यात, संथ, अर्धवट, दुःखी अशा कितीतरी रूपांत वाजवून ठेवलेली असते. शिवाय नायक-नायिकेची थीम, आईची थीम, खलनायिकेची थीम, तणावाचे स्ट्रोक (एकदम दचकवणारे आघात), विनोदी पीस. एपिसोड एडिट होऊन लॉक झाला, म्हणजे चित्र पक्कं झालं, की बॅकग्राउंड करणारा माणूस या बँकेतून एकेक पीस उचलून साधारण बावीस मिनिटांच्या चित्रावर बसवतो. बहुतेकदा प्रक्षेपण अगदी तोंडावर आलेलं असतं. म्हणजे टीव्हीवर रडणारा प्रेक्षक ती चाल पहिल्यांदा ऐकत नसतो. तीच चाल त्याने दोघांच्या पहिल्या भेटीला ऐकलेली असते, भांडणानंतर ऐकलेली असते, ती माहेरी निघून गेली तेव्हाही ऐकलेली असते. शंभराव्या एपिसोडला बासरीचे पहिले तीन सूर लागले की तो सगळा साठा एकदम वर येतो. तुमच्या मालिकेच्या तिसऱ्या भागात तुमच्या व्हायोलिनच्या गाठीशी असं काहीच नव्हतं. तयार संगीताच्या लायब्ररीतून बहुधा उचललेला तो सुंदर पीस प्रेक्षकाला परका होता.

यावर उपाय आहे, आणि तो पहिल्या भागातच करावा लागतो. थीम आधी फार साध्या जागी पेरायची. दोघं बसस्टॉपवर नुसते उभे आहेत, अजून ओळखही नाही, तिथे गिटारवर चारच सूर, तेही रस्त्याच्या आवाजात अर्धे बुडालेले. कुणाच्या लक्षातही येणार नाही. दुसऱ्या भागात तेच सूर थोडे मोठे. कबुलीच्या सीनला ते आले की मग घरचे वाटतात.

आणि थीम पूर्ण करायची घाई करू नका. आपल्या काव्यशास्त्राने शृंगाराचे संयोग (मीलन) आणि विप्रलंभ (विरह) असे दोन प्रकार सांगितले. मालिकेचं पोट विप्रलंभावर चालतं. दोघं एका खोलीत, एका पलंगाच्या दोन कडांना झोपली असली तरी गोष्ट विरहाचीच असते, कारण मनं जुळली की लेखकापुढे उद्याच्या एपिसोडचा प्रश्न. त्यामुळे चालही षड्जावर, म्हणजे सा वर, आणून बसवायची नाही. ओळ निषादावर (नि) किंवा रिषभावर (रे) सोडून द्यायची. ऐकणाऱ्याचा कान आतल्या आत षड्ज शोधत राहतो. ती ओढ दोघांमधली आहे असं त्याला वाटतं, खरं तर ती सुरांची असते. यमन या कामाला फार सोयीचा पडतो तो यामुळेच. 'नि रे ग' अशी उचल घेतली की षड्ज ओलांडून जाता येतं आणि चाल जमिनीला पाय न लावता तरंगत राहते. महिनोन्‌महिने अशी अर्धी सोडलेली ओळ एके दिवशी, कबुलीच्या वेळी, षड्जावर येऊन थांबते. ज्याला सरगमही माहीत नाही अशा माणसालाही त्या क्षणी मोकळं वाटतं.

एका सुराच्या फरकाने काय होतं ते पाहायचं असेल तर पेटीवर भूप वाजवा. सा रे ग प ध. आता फक्त गंधार (ग) कोमल करा, म्हणजे अर्धा सूर खाली घ्या. शिवरंजनी झाली. बाकीचे चार सूर जिथल्या तिथे आहेत, पण भेटीचा विरह झाला. बँक तयार करताना ही सोय सोन्यासारखी असते. प्रेमाची थीम भूपात बांधली की ताटातुटीसाठी वेगळी चाल करायला नको. तीच चाल, तोच ठहराव, एक पट्टी बदलली. प्रेक्षक चाल ओळखतो आणि काहीतरी मोडलंय हेही त्याला जाणवतं. चारुकेशीत तर दोन्ही एकाच ओळीत मिळतं. खाली शुद्ध गंधाराचा उजेड, वर धैवत-निषाद कोमल. हसत निरोप देणाऱ्या नायिकेसाठी मी बहुतेकदा तिथेच जातो. वाट पाहण्याला बागेश्री आहेच, पण ती इतकी वापरली गेली आहे की आता जपून.

मात्र रागाच्या नावावर भावनेची हमी मिळत नाही, हे लक्षात असू द्या. हीच शिवरंजनी चढ्या लयीत ठेक्यावर घेतली तर लोक नाचतीलही. भावनेचा मोठा वाटा सुरांच्या चालण्यात असतो. दुःखी माणूस हळू बोलतो, खालच्या पट्टीत बोलतो, शब्द ओढतो, मध्ये थांबतो. वाद्यही तसं बोललं की ते दुःखी वाटतं. लाजणारा माणूस वाक्य अर्धं टाकून देतो. बासरीवर फुंक अर्ध्यात सोडली, सूर पूर्ण न लावता नुसता स्पर्श केला, की लाज येते. कॉम्प्युटरवरच्या सॅम्पल्समध्ये, म्हणजे वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरांमध्ये, नेमकी ही गोष्ट हरवते. सूर स्वच्छ लागतात पण कुणी श्वास घेत नाही. परवडत असेल तर बाकी सगळं सॅम्पल ठेवा आणि एक वादक खरा बोलवा.

गाण्यातले लोक रागाचा विचार करतात आणि सुराखालच्या कॉर्डकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीकडे, दुर्लक्ष करतात. ते करू नये. पेटीची पांढरी एक (पाश्चात्त्य सी) हा सा धरा आणि बासरीवर गंधार लांब धरून ठेवा. खाली सी मेजर असेल तर तो गंधार समाधानी वाटतो. बासरी न हलवता खाली ए मायनर आणा, तोच गंधार आठवणीत गेल्यासारखा होतो. मग एफ मेजर आणा. आता त्याला काहीतरी हवंय. चेहरा एकच, स्थिर, न बोलणारा, आणि त्याच्या मनात तीन विचार येऊन गेल्याचं दिसतं. न बोलता एकमेकांकडे पाहण्याच्या सीनमध्ये मी चाल जवळजवळ हलवतच नाही, फक्त खालची जमीन बदलतो. नट चांगला असेल तर याहून जास्त काही लागत नाही.

वाद्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक वाद्य आपला इतिहास पाठीवर घेऊन येतं. सारंगी अतिशय प्रेमळ वाद्य आहे, पण दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणीवर ती ऐकलेल्या पिढीला ती लागली की घरात कुणीतरी गेल्यासारखं होतं. आजी-आजोबा प्रेक्षक असतील तर प्रेमाच्या सीनला मी ती एकटी ठेवत नाही. सनई लग्न सांगते, आणि पाठवणीही. पियानो शहरी, थोडा श्रीमंत. गावच्या मातीतल्या जोडप्याला तो लावला की ती दोघं भाड्याच्या कपड्यांत आल्यासारखी दिसतात. नायलॉनच्या तारांची गिटार कुठेही खपते. शब्दांविना स्त्रीस्वरातलं गुणगुणणं सर्वांत लवकर काळजात शिरतं, आणि सर्वांत लवकर बेचवही होतं. ते नायिकेच्या संवादाखाली कधीच ठेवू नका. दोन बायका एकाच वेळी बोलत असल्यासारखं ऐकू येतं.

मराठी मालिकांवर एक आरोप नेहमी होतो, की संगीत थांबतच नाही. खरं आहे. पण त्यामागे एक घरगुती कारण आहे. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान मालिका जितकी पाहिली जाते तितकीच ऐकली जाते. बघणारी बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते, टीव्ही बाहेरच्या खोलीत. बासरी ऐकू आली की ती लाटणं हातात घेऊन दारात येते, स्ट्रोक ऐकू आला तरी येते. आमचं संगीत हाक मारायचं कामही करतं, आणि हाक मारायची तर शांतता परवडत नाही. चॅनलची माणसंही शांततेला घाबरतात. दोन सेकंद आवाज गेला की हात रिमोटकडे जातो असा त्यांचा समज असतो. तुम्हाला ही अडचण नाही. तुमचा प्रेक्षक कानात इअरफोन घालून, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर सीन बघतोय. त्याला हाक कशाला मारायची? टीव्हीची ती सवय तुम्ही उचललीत, आणि हसण्याचं निम्मं कारण तिथे आहे असं मला वाटतं.

शिवाय कौटुंबिक वेळेच्या मालिकेत शारीरिक जवळीक दाखवायला मर्यादा असतात. हाताला हात लागला, पदर घड्याळात अडकला, केसातलं पान काढलं, यापुढे गाडी जात नाही. उरलेलं सगळं संगीताने भरायचं असतं. म्हणून तिथे स्लो मोशन, म्हणून तो लांबलेला आलाप. तुमच्या सीनमध्ये नायक स्पष्ट बोलतोय, "मला तू आवडतेस" असं म्हणतोय. जे शब्दांत आलंय तेच सुरांनी दुसऱ्यांदा सांगायला नको. शब्द धीट असतील तर सुरांनी भित्रं व्हावं. तो ठामपणे बोलत असला तरी आतून घाबरलाय, हे तुमच्या गिटारने सांगावं. आणि तो उडवाउडवीचं बोलत असेल तर सुरांनी खरं बोलावं. संवाद आणि संगीत एकच गोष्ट सांगत असतील तर दोघांतलं एक जास्तीचं आहे.

चित्रातच असलेलं संगीत वापरता आलं तर फार चांगलं. रिक्षात रेडिओ चालू आहे, शेजारच्या घरात कुणी रियाझ करतंय. सुरुवातीला तो आवाज बारीक ठेवायचा, खालचे आणि वरचे सूर कापून साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात दाबून, म्हणजे तो छोट्या स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं. दोघांची नजर मिळाली की हळूहळू तो पट्टा उघडायचा, खर्ज आणि वरची चमक आत येऊ द्यायची. रस्ता मागे पडतो आणि रेडिओवरची चाल त्या दोघांची होते. तिसरा माणूस काही बोलला की पुन्हा बारीक. प्रसिद्ध गाणं मात्र परवानगीशिवाय वापरू नका, पात्राने नुसतं गुणगुणलं तरीही परवानगी लागते. आपलीच थीम रेडिओवर वाजवली तर हा प्रश्न उरत नाही.

लयीचा एक हिशेब हाताशी असू द्या. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत एक ठोका बरोबर २५ फ्रेमचा होतो, ७५ च्या लयीत २० फ्रेमचा. ही गणितं सिंक करायला सोपी म्हणून नवखे लोक प्रत्येक कट ठोक्यावर बसवतात. जाहिरातीत ते छान दिसतं. प्रेमाच्या सीनमध्ये नजर ठोक्यावर उचलली गेली की ती माणसाची वाटत नाही. कट थोडा आधी असू द्या आणि सूर किंचित मागून.

मिक्सिंगमध्ये दोन गोष्टी बघा. शब्द ज्यांनी स्पष्ट कळतात ती व्यंजनं साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असतात, आणि व्हायोलिनचा धारदारपणाही तिथेच. संवादाखाली व्हायोलिनचा तेवढा भाग कापा, नाहीतर आवाज कितीही कमी केलात तरी ते शब्दांच्या अंगावर येतं. दुसरं, खर्जातल्या चेलोवर सगळी भिस्त ठेवू नका. स्टुडिओत अंगावर काटा आणणारा तो खर्ज फोनच्या आणि पातळ टीव्हीच्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही. मालिकेचं मिक्स साध्या टीव्हीवर ऐकल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.

तुमच्या सीनचं आता असं करा. व्हायोलिन पूर्ण म्यूट करा आणि सीन नुसत्या संवादावर बघा. तुम्हाला स्वतःला जिथे काहीतरी होतं तो क्षण टिपून ठेवा. तो बहुधा त्याच्या वाक्यावर नसेल, तिच्या ऐकण्यावर असेल. संगीत त्या क्षणाच्या सेकंदभर नंतर सुरू करा, एकाच वाद्यावर, आणि ती उत्तर द्यायला तोंड उघडते तिथे थांबवा. तिचं उत्तर कोरडंच जाऊ दे. व्हायोलिन हवंच असेल तर ते उत्तरानंतर आणा. मग ते पूर्ण वाजलं तरी चालेल, तोवर त्याने ती जागा कमावलेली असेल. पहिल्या दोन भागांत परत जाऊन त्याच चालीचे चार-पाच सूर पेरा. आणि ज्यांनी आधी पाहिलंय त्यांना हे दाखवू नका. ते आठवणीनेच हसतील. नवीन माणसं बसवा. नुसत्या संवादावरही लोक हसत असतील, तर मात्र संगीताला बोल लावू नका, लेखकाला फोन करा.